पाबे घाट – वेल्हे – नसरापूर – जुना कात्रज: एका दिवसाची सायकल फेरी आणि गिअरचा प्रश्न

घाटमाथा (धागाकर्ता)

पुण्यात नव्याने सायकल घेतलेल्या माणसाला सगळे आधी सिंहगडाचा पायथा सांगतात. तो एकदा झाला की थेट लोणावळा, नाहीतर महाबळेश्वर. या दोन्हींच्या मधली, एका दिवसात होणारी आणि बरीचशी हायवेपासून लांब असलेली एक वाट फार कमी जणांना सुचवली जाते. तिच्यासाठी हा धागा.

रस्ता असा: सिंहगड रोडने खडकवासला, डोणजे फाटा, खानापूर. तिथे पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे रांजणे, मग पाबे घाट चढून पलीकडे पाबे गाव आणि वेल्हे. वेल्ह्याहून विंझर, मार्गासनी, नसरापूर. शेवटी सातारा रस्त्याने खेड शिवापूर, शिंदेवाडी आणि जुन्या कात्रज घाटाने पुन्हा शहरात. घर कुठे आहे त्यावर शंभर ते सव्वाशे किलोमीटर होतात.

यंदा दिवाळी झाल्यावर पुन्हा गेलो. उजाडायच्या आधी निघालं की सिंहगड रोड रिकामा मिळतो, आणि या फेरीत त्याला फार महत्त्व आहे. खडकवासल्याच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत फटफटलं होतं. सध्याची भिंत पाहताना १२ जुलै १९६१ आठवल्याशिवाय राहत नाही. पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं, पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. आज त्याच पाण्याच्या कडेकडेने आपण सायकल हाकतो. डोणजे फाट्याला सगळी गर्दी सिंहगडाकडे वळते आणि पुढचा रस्ता एकदम आपला होतो. उजव्या हाताला धरणाचं पाणी, पलीकडे एनडीएच्या बाजूचे डोंगर, डावीकडे सिंहगडाची धार.

खानापूरला चहा घेतला, दोन्ही बाटल्या भरल्या आणि वळलो.

पाबे घाटाबद्दल एक गोष्ट नकाशा उघडून बघाच. तोरणा-राजगडाकडून पूर्वेला सिंहगड, कात्रज, पुरंदर असं करत भुलेश्वरापर्यंत सह्याद्रीचा एक फाटा गेला आहे. पाबे घाट हा फाटा ओलांडतो. अलीकडचं पाणी मुठेत जातं, पलीकडचं कानंदी-गुंजवणीतून नीरेत. दोन्ही पाणी शेवटी भीमेतच जातं, नीरा तर नरसिंगपूरला भीमेला मिळते. आपण जाताना हा फाटा पाबे घाटात ओलांडतो आणि येताना कात्रजला. म्हणजे दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, तोच डोंगर पुन्हा आडवा येणार हे ठरलेलं आहे. हे आधी माहीत असलेला माणूस सकाळी पाबे घाटात सगळी ताकद उधळत नाही.

घाट रुंद नाही, वाहनं कमी, वळणं अंगावर येणारी. मी सगळ्यात हलका गिअर टाकून बसून चढतो. उठून पेडल मारणं मला आवडत नाही, त्याने दम लवकर जातो. कडेच्या गवताचा रंग हिरव्यातून पिवळ्याकडे चालला होता, सोनकी अजून थोडी शिल्लक होती. माथ्यावर पोचलं की समोर तोरणा. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १४०३ मीटर. डाव्या अंगाला राजगड आणि त्याचा बालेकिल्ला. त्या दोघांना एका नजरेत बघायला मी इथे दर वर्षी येतो.

उतरताना गावाजवळ डांबरावर भात वाळत घातलं होतं. अर्धा रस्ता सोनेरी. एक आजी खराट्याने कडेचे दाणे आत ओढत होत्या, पण मोटारी गेल्या की त्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सायकलवरून उतरून कडेने चालत गेलो. त्या म्हणाल्या, "जा की बसून, सायकलनं काय व्हतंय." तरी चालतच गेलो.

वेल्ह्यात पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. मग कानंदीच्या खोऱ्यातून नसरापूरकडे. हा टप्पा एकंदरीत उताराचा आहे, पण नोव्हेंबरात वारा बहुधा पूर्वेचा, म्हणजे समोरून. उतारावरही पेडल मारत राहावं लागलं. नसरापूरजवळचं बनेश्वर सावलीसाठी उत्तम, झाडी दाट आहे, तिथे थोडं आडवं व्हायला हरकत नाही. हायवेचा तुकडा पटकन उरकायचा, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि मग जुना कात्रज.

आता मूळ मुद्दा. या वाटेवर माझ्याबरोबर वेगवेगळे लोक आले आहेत. चांगले धडधाकट, रोज पळणारे, जिमला जाणारे लोक पाबे घाटात सायकल ढकलत आले आणि "मला हे जमणार नाही" म्हणून सायकल विकून मोकळे झाले. त्यांच्यात काही कमी नव्हतं. त्यांच्या सायकलीला घाटाचा हलका गिअर, म्हणजे पुढे लहान आणि मागे मोठी चकती, हाच नव्हता. दुकानात सायकल घेताना आपण वजन विचारतो, ब्रेक विचारतो, रंग बघतो. पुढच्या लहान चकतीला दात किती आणि मागच्या मोठ्या चकतीला किती, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. सपाट गावात चालेल. पुण्यात शहराबाहेर कुठेही निघा, चढ आहेच. तुमच्या सायकलीला कोणते गिअर आहेत आणि ते घाटात पुरतात का, हे कृपया लिहा.

---

रानवाट

फार छान लिहिलंय. माथ्यावरून तोरणा-राजगड दिसतो त्या क्षणासाठी मीही पाबे घाट करते. माझी हायब्रिड आहे, पुढे तीन चकत्या, सगळ्यात लहान २८ दातांची, मागे ३२. कुठेही उतरावं लागलेलं नाही. मैत्रिणीची रोड सायकल माझ्यापेक्षा कितीतरी महाग, ती मात्र शेवटच्या वळणांना उतरते. ती माझ्यापेक्षा ताकदवान आहे, म्हणून तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला.

---

दोनचाकी

गिअरचं गणित एकदा कागदावर मांडलं की वाद संपतो, म्हणून मांडतो.

माणूस ७० किलो, सायकल, पाणी, पिशवी मिळून आणखी २०. एकूण ९० किलो. हे वजन ३०० मीटर उंच न्यायला साधारण २६५ किलोज्यूल लागतात. रोजचा सराव असलेला पण शर्यतवाला नसलेला माणूस तासभर १५० वॉट देऊ शकतो असं धरू. म्हणजे ३०० मीटर चढायला अर्धा तास, तासाला ६०० मीटर. घाटात वेग इतका कमी असतो की हवेचा विरोध इथे सोडून दिला तरी चालतो.

आता १० टक्के चढ घ्या. तासाला ६०० मीटर उंची म्हणजे रस्त्यावर ताशी ६ किलोमीटर. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ४७-४८ वेळा फिरतं. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर पाय मिनिटाला ३९ वेळा फिरणार. हे पेडल मारणं नाही, जिना चढणं आहे. मागे ३४ लावले तर ४८. पुढे २२ आणि मागे ३२ असेल, म्हणजे जुन्या एमटीबीला (डोंगरी सायकलीला) असतात तसे, तर ६९.

६ टक्के चढाला वेग ताशी १० होतो. तिथे ३४-२८ ला ६५, ३४-३४ ला ७९. दोन्ही ठीक.

म्हणजे हलक्या घाटात सगळेच गिअर चालतात आणि फरक पडतो तो तीव्र वळणांवर. पाय मिनिटाला साठच्या खाली गेले की ताण फुप्फुसांवरून गुडघ्यांवर आणि मांड्यांवर जातो. दम पाच मिनिटांत परत येतो, मांड्या दिवसभर येत नाहीत. पाबे घाटात खाल्लेल्या मांड्यांचं बिल कात्रजला येतं ते असं.

---

मुठाकाठ

दोनचाकी, हे गणित छापून दुकानांत लावायला हवं.

माझा प्रश्न: माझ्या सायकलीला पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ आहे. फक्त मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून भागेल का? दुकानदार म्हणतो नवीनच घ्या.

---

दोनचाकी

नवीन सायकल घेऊ नका. आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा आखूड आहे की लांब ते बघा आणि त्या मॉडेलला मोठ्यात मोठी किती दातांची चकती चालते ते कंपनीच्या तक्त्यात शोधा. ३२ किंवा ३४ चालत असेल तर कॅसेट आणि थोडी लांब चेन, एवढ्यावर काम होतं. चालत नसेल तर लांब पिंजऱ्याचा डिरेलरही घ्यावा लागेल. तरी नव्या सायकलीच्या मानाने खर्च किरकोळ. चेन जुनी झाली असेल तर नव्या कॅसेटवर तीच ठेवू नका, घसरते.

आणि काम झाल्यावर मोठी-मोठी करून बघा: पुढे ५० आणि मागे सगळ्यात मोठी चकती. चेन ताणली जात असेल तर ती आखूड पडली आहे. असा गिअर कोणी मुद्दाम वापरत नाही, पण घाईत हात चुकून पडतोच.

---

सुईदोरा

माझं वय साठच्या पुढे आहे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्या काळात मी गिअर नसलेल्या सायकलवर कामाला जात होतो. सिंहगड पायथ्यापर्यंत सुद्धा त्यावरच जात असू. त्यामुळे "गिअर नाही म्हणून जमत नाही" हे मला एकदम पटत नाही. सवयीने पाय तयार होतात.

---

घाटमाथा

काका, तुमच्या पिढीची सवय रोजच्या वापरातून आली होती, तिच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण आज आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी घाट चढणाऱ्याचे गुडघे त्या सवयीचे नाहीत. त्याला हलका गिअर दिला तर तो पुढच्या रविवारी पुन्हा येईल. पाय तयार होण्यासाठी आधी तो टिकायला तर हवा. आणि तुम्ही आता कोणती सायकल वापरता?

---

सुईदोरा

गिअरची. मुलाने आणून दिली. गुडघा दुखायला लागल्यावर घेतली हे खरं आहे, आणि त्यानंतर दुखणं कमी झालं हेही खरं. म्हणून तुमचं म्हणणं मान्य करतो. पण सीटची उंची विसरू नका. बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, पाय टेकायची सोय म्हणून. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असली की मागच्या बाजूला. दुखण्याची जागा बघून एका वेळी थोडंसंच वर-खाली करावं आणि मग दोन-चार दिवस चालवून बघावं.

---

कानंदी

मी वेल्हे तालुक्यातलाच, आता तालुक्याला राजगड म्हणतात. नोकरीला पुण्यात, शेती गावाकडे. धागा वाचून बरं वाटलं. काही गोष्टी आमच्या बाजूने सांगतो.

रस्त्यावर भात वाळत घालायला लोकांना हौस नाही. आमच्याकडे सपाट खळं कमी, सगळी शेती उताराची आणि खाचरांची. डांबर तापतं, भात लवकर वाळतं. इंद्रायणीचं एक पोतं म्हणजे त्या घराचं महिन्याभराचं खाणं असतं. चाक भातावरून गेलं तर दाणा फुटतो आणि टायरला चिकटून जातो तो वेगळा. घाटमाथा, तुम्ही उतरून चालत गेलात त्याबद्दल आभार. सगळे तसं करत नाहीत. पंधरा-वीस जणांचा गट आला की कडेने जायचं असतं हे लक्षातच राहत नाही.

दुसरं, खाचरात कापणी करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आधी बोला, दोन शब्द विचारा, मग कोणी नाही म्हणत नाही.

तिसरं, पाणी. घरी मागितलं तर कोणीही देईल, हंड्यातलं थंड देईल. पण रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथेच ठेवून जाऊ नका. आणि भात घ्यायचं असेल तर थेट शेतकऱ्याकडून घ्या. सायकलवर दोन किलो तरी मावतं.

आणखी एक, घाटात उतारावर गुरं असतात. संध्याकाळी तर हमखास. घंटी वाजवली की गुरं बिचकून रस्त्यात आडवी येतात. तोंडाने आवाज द्या, हळू व्हा, मागून वळसा घालून जा.

---

रानवाट

कानंदी दादा, फार मोलाचं लिहिलंत. इंद्रायणीसाठी पुढच्या वेळी रिकामी पिशवी घेऊनच येते.

बायकांसाठी एक अडचण कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. खानापूर सोडल्यावर वेल्ह्यापर्यंत स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका. त्यामुळे कित्येक जणी पाणीच कमी पितात, आणि घाटात ते सगळ्यात धोक्याचं. आम्ही दोघी-तिघी मिळून जातो आणि पाबे गावात एखाद्या घरी सरळ विचारतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. पण लाजून पाणी तोडू नका, एवढं कळकळीने सांगते.

---

घाटमाथा

हे मूळ धाग्यात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. पाण्याबद्दल पुढे जोडतो: नोव्हेंबरातही घाटात तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर शरीरातलं मीठ पातळ होतं, डोकं जड होतं, मळमळतं. मी एका बाटलीत साधं पाणी आणि एकीत घरचं मीठ-साखरेचं पाणी ठेवतो. प्रमाण जलसंजीवनीचंच: एक लिटरला साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. वर लिंबू पिळायचं. खाण्यात केळी, राजगिरा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. भूक लागायची वाट बघायची नाही, दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाकायचं. वेल्ह्यातलं जेवण पोटभर नको, दोनऐवजी एक भाकरी. पुढे उलटा वारा आणि कात्रज बाकी आहे.

---

लांबपल्ला

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, करणाऱ्यांसाठी ही फेरी उत्तम तयारी आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी १४.८. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या साडेतेरा तासांत चहा, जेवण, पंक्चर, वाटेतल्या ठाण्यांवरचा शिक्का सगळं धरलेलं असतं. घाटाच्या रस्त्यावर हीच सरासरी टिकवणं कठीण जातं. पाबे-कात्रज फेरी थांबे धरून आठ तासांच्या आत आरामात होत असेल, तर सपाट-चढ मिश्र २०० ला भिण्याचं कारण नाही. पुढे ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. एकाच हंगामात चारही पूर्ण केलीत की सुपर रँडोनिअर हा किताब. ब्रेव्हेचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, त्यामुळे धागा अगदी वेळेवर आलाय.

माझ्याकडे पुढे ४६-३०, मागे ११-३४. उतारावर कधीतरी पेडल रिकामं फिरतं, तेव्हा मी पाय थांबवतो आणि तोरणा बघतो. चढावर मात्र एकदाही गिअर कमी पडलेला नाही.

---

मुठाकाठ

उताराबद्दलही सांगा ना. मला चढापेक्षा पाबे घाटाचा उतार जास्त घाबरवतो. माझे रिमवाले ब्रेक आहेत, हात दुखून येतात.

---

लांबपल्ला

ब्रेक सतत दाबून ठेवू नका, त्याने रिम तापते आणि हातही जातात. सरळ तुकड्यात सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि वळणात शिरताना सोडून द्या. वळणाच्या मधे, कलत्या सायकलवर पुढचा ब्रेक कचकन दाबणं सगळ्यात घातक. वळणाच्या बाहेरचं पेडल खाली आणि वजन त्यावर. नजर समोरच्या खड्ड्यावर न ठेवता जिथून बाहेर पडायचं तिथे ठेवा. पावसाळा नुकताच संपलेला असतो तेव्हा वळणांच्या आतल्या बाजूला वाहून आलेली बारीक खडी साचलेली असते, तिथे सायकल सरकते. घाटात समोरून येणारी गाडी वळण कापून आपल्या बाजूला येणार असंच धरून चाला. निघायच्या आदल्या दिवशी ब्रेक पॅड बघा, खाचा पुसट झाल्या असतील तर बदला.

---

दोनचाकी

+१. रोड सायकलसारखं खाली वळलेलं हँडल असलेल्यांनी उतारावर हात खालच्या वाकात ठेवावेत, बोटांना ब्रेकवर जास्त जोर मिळतो आणि दुखणं बरंच कमी होतं.

---

सुईदोरा

कात्रजबद्दल एकदा ठळक लिहा. नवे लोक हायवेने येतात आणि सरळ नव्या बोगद्यात शिरतात. सायकलवर त्या बोगद्यात जाऊ नये. धूर, आवाज, मागून ट्रक.

---

घाटमाथा

बरोबर. खेड शिवापूरपासूनच सर्व्हिस रोड धरून राहा आणि शिंदेवाडीजवळ जुन्या घाटाचा रस्ता पकडा, बोगदा टाळा. जुना घाट लांब नाही, पण शहरातली वाहनं तिथेही असतात, म्हणून मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लावा. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, घाटात त्याच्याही आधी सावली येते. चारच्या आत नसरापूर सुटलं पाहिजे, हा माझा नियम. उशीर झालाच तर पुढचा पांढरा दिवाही हवा.

ज्यांना शेवटी हायवे नकोच आहे ते खेड शिवापूरहून कोंढणपूरमार्गे सिंहगडाच्या घाटात निघून डोणज्याला उतरू शकतात. रस्ता सुंदर आहे, पण चढ कात्रजपेक्षा बराच जास्त. पहिल्या वेळी नको.

---

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. तक्ता शोधला, माझ्या डिरेलरला ३२ पर्यंत चालतं. या आठवड्यात ११-३२ आणि नवी चेन बसवून घेतो. ब्रेक पॅडही बघितले, मागचे गेलेत, तेही बदलतो. पुढच्या रविवारी कोणी जाणार असेल तर मला यायला आवडेल, माझा वेग फार नाही.

---

रानवाट

आम्ही दोघी जातोय. राजाराम पूल, पहाटे साडेपाच. वेग आमचाही फार नाही, घाटात जो तो आपल्या गतीने, माथ्यावर सगळ्यांची वाट बघायची. एक जादा ट्यूब आणि पंप प्रत्येकाकडे हवा.

---

कानंदी

त्या रविवारी मी गावीच आहे, आमची कापणी चालू असेल. पाबे ओलांडलं की इथे लिहा, वेल्ह्यात भेटू. भाकरी आमच्या घरी.